चिलिकेवर गळ कोणाच्या परवानगीने?

रायपूरहून समुद्र चारशे किलोमीटरांच्या पलीकडे. तरी इथल्या मराठी घरांत ज्याला गळाचा नाद लागला आहे, त्याची नजर कधी ना कधी पूर्वेकडे वळतेच. गंगरेलच्या कडेला बसून रोहू, कतला काढून झालेले असतात, रुद्रीच्या बंधाऱ्याखाली आणि राजिमजवळच्या डोहांवर उन्हाळे गेलेले असतात. मग जगन्नाथाच्या दर्शनाला पुरीला गेलेले कुटुंब एक दिवस चिलिका सरोवराच्या काठी सातपाड्याला जाते, बायका-मुले डॉल्फिन बघतात आणि घरचा गळवाला नावाड्याला हळूच विचारतो, ‘इथे गळ टाकला तर चालेल का?’

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर कोणी द्यायचे हेच ठरलेले नाही. तो नावाडी, त्याची मच्छीमार सोसायटी, चिलिका विकास प्राधिकरण, वनखाते की पर्यटन खाते? ज्या पाण्यावर सुमारे दोन लाख मच्छीमार माणसांचे पोट आहे, तिथे हौसेच्या गळाला जागा आहे का आणि असली तर कोणत्या अटींवर? या लेखात हा प्रश्न सगळ्या बाजूंनी तपासला आहे. माझे मत आधीच सांगतो. जागा आहे, पण ती पाहुण्याची. मालकी आणि निर्णय तिथल्या मच्छीमारांच्या सोसायट्यांकडे राहणार असेल तरच हौशी मासेमारीने चिलिकेत पाऊल टाकावे.

आधी पाणी समजून घेऊ. चिलिका हे भारतातले सर्वांत मोठे मचूळ पाण्याचे सरोवर. पावसाळ्यात ते सुमारे ११६५ चौरस किलोमीटर पसरते, उन्हाळ्यात ९०६ पर्यंत आक्रसते. खोली मात्र फार नाही, बहुतेक ठिकाणी पुरुष-दीड पुरुष. उत्तरेकडून महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी येते, पूर्वेच्या लांब चिंचोळ्या खाडीतून समुद्राचे खारे पाणी आत शिरते आणि मधल्या पसाऱ्यात दोन्ही मिसळतात. म्हणून एकाच सरोवराचे चार स्वभाव आहेत. उत्तर भाग जवळजवळ गोडा आणि पाणवनस्पतींनी भरलेला, मध्यभाग मचूळ, रंभा-बरकुलच्या बाजूचा दक्षिण भाग खोल आणि अधिक खारा, तर बाहेरची खाडी भरती-ओहोटीवर चालणारी. खारटपणा महिन्यागणिक बदलतो. आषाढ-श्रावणात नद्या भरून आल्या की मीठ दूर ढकलले जाते आणि चैत्र-वैशाखात ते परत आत सरकते. कोणता मासा कोठे सापडेल हे या मिठावर ठरते.

मासेही कोकणातल्या माणसाला ओळखीचे वाटतील असेच. पेण-अलिबागच्या खारेपाटात ज्याला जिताडा म्हणतात, त्याला चिलिकेत भेकटी म्हणतात. बोय तिथे खइंगा नावाने विकली जाते आणि हा चिलिकेचा मानाचा मासा. रावसाच्या कुळातला साहला आहे, गोव्याचे काळुंदर तिथे कुंडल होते. शिवाय तांबोशी, शिंगाळ्याच्या जातीचा कंटिया, बागदा कोलंबी आणि मोठ्या नांग्यांचा खेकडा. गळवाल्याचे मन यांतल्या दोन-तीनच माशांत अडकलेले असते. जिताडा, तांबोशी आणि रावस हे शिकारी मासे आहेत, ते हलत्या आमिषावर झेपावतात. बोय तळाचे शेवाळ आणि गाळातले कण खाणारी. ती गळाला सहजी लागत नाही आणि लागलीच तर कणकेच्या बारीक गोळीला. म्हणजे मच्छीमाराचा मुख्य मासा आणि हौशी माणसाचा मुख्य मासा पुरता एक नाही. प्रश्न सुटण्याची थोडी आशा आहे ती या फरकात.

पाण्यावरून रायपूरचा या सगळ्याशी संबंध काय तेही सांगतो, कारण आपल्याकडच्या गळवाल्यांना तो क्वचितच जाणवतो. महानदी धमतरी जिल्ह्यात सिहावाच्या डोंगरात उगम पावते. गंगरेलचे धरण ओलांडून ती राजिमला पैरी आणि सोंढूरला भेटते, पुढे हिराकुडच्या जलाशयातून जाते आणि कटकच्या वर नराजला तिचा काठजोडी हा फाटा निघतो. त्याच्या पोटफाट्यांपैकी दया आणि भार्गवी या नद्या चिलिकेला मिळतात. गंगरेलला आपण जे पाणी बघतो, त्यातलेच काही थेंब खइंगाच्या अंगावरून समुद्रात जातात. अठराव्या शतकात या नदीची दोन्ही टोके एकाच सत्तेखाली होती. छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १७५१च्या तहाने ओडिशाही त्यांच्याकडे गेले. रतनपूरला बिंबाजी भोसले बसले होते, कटकला भोसल्यांचा सुभेदार होता. १८०३च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक प्रांत इंग्रजांकडे गेला, चिलिकाही गेली. रायपूरमधली अनेक मराठी घराणी त्या राजवटीच्या मागोमाग इकडे आली. पण चिलिकेच्या काठावर मराठी माणूस आज जातो तो प्रवासी म्हणून.

चिलिकेची अलीकडची कथा हौशी माणसाने नीट ऐकायला हवी. गेल्या शतकाच्या अखेरीस सरोवराचे समुद्राकडचे तोंड गाळाने भरत आले. वाळूचा पट्टा सरकत गेला, बाहेरची खाडी लांबत गेली आणि भरतीचे पाणी आत पोचेनासे झाले. गोडेपणा वाढला, तण माजले, समुद्रातून पिल्लांनी आत यायची वाट अडली. १९९५-९६च्या सुमारास वर्षभराची मासळी सव्वा हजार टनांच्या आसपास घसरली होती. १९८१ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातल्या स्थळांच्या नोंदवहीत गेले. मग अभ्यास झाला आणि २३ सप्टेंबर २००० रोजी सिपकुडाजवळ वाळूचा पट्टा कापून समुद्राला नवे तोंड देण्यात आले. समुद्राकडची वाट जवळजवळ १८ किलोमीटरांनी कमी झाली. खारे पाणी परतले, तण हटले आणि २००१-०२ मध्ये मासळी सुमारे बारा हजार टनांवर गेली. २००२ मध्ये धोक्याच्या नोंदवहीतून चिलिकेचे नाव निघाले आणि त्याच वर्षी या कामाला रामसरचा पुरस्कार मिळाला. देशात नष्ट होत चाललेले पाणी इतक्या लवकर परत जिवंत झाल्याची दुसरी उदाहरणे शोधावी लागतील.

पण मासळी परतली म्हणजे भांडण मिटले असे नाही. चिलिकेवर मासे धरण्याचा हक्क हे ओडिशाच्या किनाऱ्यावरचे जुने आणि फार दुखरे प्रकरण आहे.

केउट, कंडरा, तिअर, नोलिया अशा जातींनी पिढ्यान्‌पिढ्या तिथले पाणी वाटून घेतले होते. कोणी जाळे टाकायचे, कोणी सापळे लावायचे, कोणी बांबूच्या तट्ट्या उभारायच्या, हे ठरलेले असे. पाण्याचे तुकडेही ठरलेले. तट्ट्यांनी पाणी कोंडून मासे धरायचा ‘जानो’, मोकळ्या पाण्यात जाळ्याने धरायची ‘बहानी’, कोलंबीच्या सापळ्यांचा ‘डियान’ आणि ओहोटीच्या उथळ पाण्यातला ‘उठापाणी’. खल्लिकोट, पारिकुडसारख्या संस्थानी मालकांकडून गावे हे हक्क खंडाने घेत. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या, हक्क सरकारकडे आले आणि १९५९ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत ते गावोगावच्या सोसायट्यांना खंडाने मिळू लागले. पुढे कोलंबीला परदेशात भाव आला आणि घडी विस्कटली. १९९१च्या नव्या धोरणाने पाण्याचे दोन भाग केले. धरायचे पाणी एक, संवर्धनाचे पाणी दुसरे. संवर्धनाच्या दारातून पैसेवाले आणि मच्छीमार नसलेले लोक आत आले. टाटांचा मोठा कोलंबी प्रकल्प जनतेच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चिलिका आणि पुलिकतच्या काठापासून एक हजार मीटरच्या आत कोलंबीची शेती नको. तरीही बांबू आणि जाळ्यांनी पाणी कोंडणाऱ्या ‘घेऱ्या’ उठल्या नाहीत. मच्छीमारांनी स्वतः उतरून त्या मोडायला सुरुवात केली आणि २९ मे १९९९च्या रात्री सोरान गावात पोलिसांच्या गोळीबारात चार जण मरण पावले.

त्यानंतर मच्छीमार आणि बिगरमच्छीमार यांच्यात पाण्याची वाटणी करायचा कायदा आणायचा प्रयत्न झाला. मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला. घेऱ्या पाडल्या जातात आणि पुन्हा उभ्या राहतात. ‘बाहेरचा माणूस’ या शब्दाला तिथे काय अर्थ आहे, हे या इतिहासावरून समजते. काठी आणि रीळ घेऊन आलेला रायपूरचा, भिलाईचा किंवा कोलकात्याचा माणूस निरुपद्रवी असेल. पण त्याच्या मागे कोण येईल, उद्या त्याच्यासाठी पाण्याचा एखादा तुकडा राखून ठेवला जाईल का, हा प्रश्न तिथल्या माणसाच्या मनात असतो, आणि तो रास्त आहे.

आता गळाच्या बाजूने. हौसेने मासे धरणे ही इंग्रजांनी आणलेली चैन आहे, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. ते खरे नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींसाठी. पण त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक भागही आहे. राजाच्या करमणुकीसाठी गळाने मासे कसे धरावेत, दोर कशाचा असावा, कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते, याचा त्यात तपशीलवार विचार केला आहे. समुद्रातले आणि नदीतले मासेही वेगळे काढले आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या भागावर सविस्तर लिहून तो जगासमोर आणला. इंग्रजांच्या काळात मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये निघाले आणि पुढे कित्येक वर्षे हिंदुस्थानातल्या गळवाल्यांचे ते मार्गदर्शक राहिले.

छत्तीसगडात हा छंद राजवाड्यापुरता कधीच नव्हता. तरियाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर गरी खेळणारी पोरे कोणत्याही गावात दिसतील. गेंगरवा, म्हणजे गांडूळ, हे त्यांचे आमिष आणि बांबूची काडी ही काठी. पावसाळ्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ, हेही आपल्याकडे खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. मुंबईत पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने हौशी मासेमारीची संघटित परंपरा चालवली. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने महसीर माशाची पैदास केली. हे सगळे गोड्या पाण्यातले. मोठ्या मचूळ सरोवरावरचा गळ हा आपल्याला नवाच विषय आहे. महाराष्ट्रात तसे सरोवरच नाही. लोणारचे पाणी खारे आहे, पण त्यात मासा नाही.

सातपाड्याजवळ एका सकाळी मी एका केउट नावाड्याबरोबर बसलो होतो. त्याच्याकडे काठी नव्हती. बांबूच्या कांबीवर गुंडाळलेला जाड तंगूस, टोकाला शिसे, त्याखाली मोठा गळ. नावेच्या तळाशी पाणी भरून ठेवलेल्या डब्यातून त्याने एक जिवंत कोलंबी काढली, शेपटीजवळच्या एका कड्यातून गळ आरपार घेतला आणि ती पाण्यात सोडली. कोलंबी पोहत राहिली पाहिजे, एवढेच तो म्हणाला. बऱ्याच वेळाने तंगूस ताठ झाला. त्याने ओढले नाही, आधी थोडा ढिला सोडला, मग हिसका दिला. वर आलेला जिताडा हातभरही नव्हता. नावेत घेताना नावाड्याने बोटे कल्ल्याच्या झाकणापासून दूर ठेवली, कारण त्या झाकणाची कडा पात्यासारखी धारदार असते. तंगूस तिच्यावर घासला तर तुटतो आणि बोट घासले तर कापते. मासा त्याने ओल्या फडक्यात धरला, त्याच्याकडे पाहिले आणि परत सोडला. ‘हा अजून नर आहे,’ तो म्हणाला.

हे तो अनुभवाने सांगत होता आणि शास्त्रही तेच सांगते. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यांत मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात आणि एकेक मादी लाखो अंडी देते. फोटोसाठी सर्वांत मोठा मासा उचलायची हौस असणाऱ्याने हे लक्षात ठेवले पाहिजे. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि तिथे हौशी मासेमारीचा मोठा धंदा त्याच्या नावावर चालतो. क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटीमीटरहून लहान आणि १२० सेंटीमीटरहून मोठी बारामुंडी ठेवता येत नाही, सोडावीच लागते. लहान माशाला वाढायला वेळ मिळावा म्हणून खालची मर्यादा, माद्या वाचाव्यात म्हणून वरची. भारतात जिताड्यासाठी असा वरचा आकडा हौशी मासेमारीत कोणी पाळताना मी पाहिलेला नाही. नवे नियम करायचे झाले तर सुरुवात इथून व्हावी.

गळाने किती मासा जातो, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. जाळ्यांच्या तुलनेत अगदी थोडा. चिलिकेची खरी हानी बारीक डोळ्यांच्या नायलॉन जाळ्यांनी आणि ‘खंडा’ नावाच्या पेटीसारख्या सापळ्यांनी होते. त्यांत बोटभर पिल्लेही अडकतात. घेऱ्यांमुळे पिल्लांच्या येण्याजाण्याच्या वाटा बुजतात. हे सगळे असताना गळवाल्यावर बोट दाखवणे चुकीचे ठरेल. पण थोडा मासा नेतो म्हणजे परिणाम नाही, असेही नाही. हौशी माणूस नेमका मोठा शिकारी मासा निवडतो, आणि सरोवरात तो मासा आधीच थोडा असतो.

जगात अशा पाण्यांवर काय झाले हे पाहिले तर दोन वेगळे रस्ते दिसतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या लेक मॅक्वारीवर २००२ मध्ये व्यावसायिक जाळी बंद करून ते सरोवर हौशी मासेमारांसाठी राखून ठेवले. हौशी परवान्याच्या फीमधून जमलेल्या पैशातून व्यावसायिक मच्छीमारांचे परवाने विकत घेतले गेले. व्हिक्टोरियात गिप्सलँड लेक्सवर २०२० मध्ये व्यावसायिक मासेमारी संपवली. तिथे दहाच परवाने उरले होते. हौशी लोक खूष झाले, पर्यटन वाढले. पण हा रस्ता चिलिकेला चालणार नाही, आणि चालवायचा प्रयत्न कोणी केलाच तर त्याला ठाम विरोध झाला पाहिजे. दहा परवानाधारकांना भरपाई देणे आणि दोन लाख माणसांना पाण्यावरून उठवणे यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय तिथे मच्छीमाराकडे परवाना असतो. इथे त्याच्याकडे जात आहे, गाव आहे, पिढीजात पाण्याचा तुकडा आहे. तो विकत घेता येत नाही.

दुसरा रस्ता आपल्याच किनाऱ्यावर आहे. केरळात राज्य मच्छीमार सहकारी महासंघ, म्हणजे मत्स्यफेड, कोचीजवळ न्यारक्कल आणि मालिप्पुरम इथे मत्स्यशेतीची पर्यटन केंद्रे चालवतो. तिथे येणारा माणूस तिकीट काढतो, गळ टाकतो, होडीत फिरतो आणि तिथलेच मासे जेवतो. पैसा सहकारात जातो. आमच्या सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या बचत गटातल्या मच्छीमार समाजाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी त्यांची, वल्हे त्यांच्या हातात, खाडीबद्दल बोलायचा अधिकारही त्यांचाच. तिथे कोणाला आपल्या पाण्यात उपरे घुसले असे वाटत नाही, कारण दार उघडणारे हात त्यांचेच आहेत. केरळातल्या वेंबनाड सरोवरावरून मात्र दुसरी एक गोष्ट शिकायची आहे. भातशेतीसाठी खारे पाणी अडवायला तिथे तण्णीरमुक्कमचा बंधारा १९७६ पासून चालू झाला आणि मिठाचा ओघ अडला. माशांच्या येण्याजाण्याच्या वाटा बदलल्या, तण माजले. गोड्या आणि खाऱ्याचा मेळ बिघडला की हौशी आणि धंदेवाईक दोघांचेही नुकसान एकाच वेळी होते.

मग चिलिकेवर गळ टाकायचा कसा? माझ्या मते परवाना गावच्या मच्छीमार सोसायटीने द्यावा, सरकारी खिडकीने नव्हे. फीचा मोठा वाटा सोसायटीकडे राहावा. नावाडी त्याच गावचा असावा आणि नावेत मासे सोडायचे की ठेवायचे याचा शेवटचा शब्द त्याचा असावा. कोणत्या तुकड्यात गळ टाकता येईल हेही सोसायटी ठरवील, कारण तिच्या जानो-डियानच्या जागा तिलाच माहीत. पाणी राखून ठेवणे, स्वतंत्र गळतळी करणे, काठावर खासगी क्लब उभे करणे, यांतले काहीही नको. घेरीचे दुःख सोसलेल्या माणसांपुढे नवी घेरी उभी करणे अन्यायाचे होईल, मग ती बांबूची असो की परवान्याची.

काळाचेही बंधन हवे. बोय हिवाळ्याच्या तोंडाला अंडी घालायला समुद्राकडे निघते, आणि तिची वाट मगरमुख या चिंचोळ्या भागातून बाहेरच्या खाडीकडे जाते. जिताड्याची वीण पावसाळ्याच्या आसपास, मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. म्हणजे मुख आणि मगरमुख हे दोन्ही चिलिकेचे दरवाजे आहेत आणि दारात उभे राहून येणारा-जाणारा टिपणे सगळ्यांत सोपे असते. या पट्ट्यात हौशी गळ बंदच असावा. गळवाल्याला हवा असलेला जिताडा-तांबोशीचा थरार मध्यभागात, बेटांच्या खडकाळ कडांजवळ मिळू शकतो. नलबणचे पक्षी अभयारण्य तर कायद्यानेच वर्ज्य आहे, तिथे जायचा प्रश्नच नाही.

शिशाबद्दल दोन शब्द, कारण ते कोणी बोलत नाही. गळाच्या दोरीला लावायचे शिशाचे मणी पाण्यात पडतात, तळाशी राहतात. पाणपक्षी अन्न दळायला खडे गिळतात, त्यांत हे मणीही गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंस मरू लागले म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ पासून गळाच्या बारीक शिशांवर बंदी आली. चिलिकेत दर हिवाळ्यात लाखो पक्षी उतरतात, अलीकडच्या गणनांत आकडा दहा लाखांच्या पलीकडे जातो. इथे शिशाचा मणी नको. लोखंडाचा किंवा दगडाचा भार चालतो. तुटलेला तंगूस पाण्यात टाकणे तर सरळ गुन्हा मानला जावा.

दुसरा धोका डॉल्फिनला. इरावती डॉल्फिन चिलिकेत दीडशेच्या आसपास आहेत आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मोटारीच्या पंख्याने जखमा होतात, जाळ्यांत अडकून ते मरतात. सातपाड्याच्या पाण्यात डॉल्फिन बघायला धावणाऱ्या नावांची आधीच गर्दी आहे. त्यात गळवाल्यांच्या नावा मिसळल्या तर पाण्यातला आवाज वाढेल. गळ टाकताना मोटार लागत नाही, थांबायचेच असते. वल्ह्याची किंवा शिडाची नाव हीच अट घातली तर हौस भागते आणि डॉल्फिनही सुटतो. अभ्यासकांनी नोंदवले आहे की काही ठिकाणी डॉल्फिन माशांना हाकारून मच्छीमाराच्या जाळ्याकडे लोटतात आणि दोघांचाही फायदा होतो. हे नाते शतकांचे असणार. ते हौशी माणसाच्या गडबडीत मोडू नये.

मासा सोडून द्यायचा की ठेवायचा, यावर हौशी लोकांत मोठा वाद चालतो. जर्मनीत खाण्याच्या हेतूशिवाय मासा धरून सोडणे प्राणिदयेच्या कायद्याविरुद्ध मानले जाते, तर महसीरच्या नद्यांवर सोडणे हाच धर्म. चिलिकेवर मला दोन्ही टोके पटत नाहीत. मच्छीमाराच्या डोळ्यांदेखत त्याच्या पोटाचा मासा खेळण्यासारखा ओढायचा आणि सोडायचा, हे त्याला विचित्र वाटते आणि मलाही. एक-दोन मध्यम मासे खाण्यापुरते ठेवावेत आणि गळ गुंडाळावा. लहान आणि फार मोठे ओल्या हातांनी, पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवून सोडावेत. काट्याविना गळ वापरला तर सोडवणे सोपे जाते.

आणि शेवटी, वरच्या अंगाची आपली बाजू. चिलिकेचे आरोग्य सिपकुडाच्या मुखावर जितके अवलंबून आहे तितकेच महानदीतून येणाऱ्या गोड्या पाण्यावर. हिराकुड १९५७चे, गंगरेल सत्तरच्या दशकाच्या अखेरचे. २००४ साली नराजला नवा बंधारा झाला आणि दया-भार्गवीत किती पाणी सोडायचे हे त्याच्या दारांवर ठरू लागले. वर छत्तीसगडात महानदीवर नवे बंधारे होत गेले. उन्हाळ्यात खाली पाणी येत नाही, अशी ओडिशाची तक्रार आहे, तर आपल्या शेतीला आणि कारखान्यांना पाणी हवे, असे छत्तीसगडचे म्हणणे आहे. या वादासाठी मार्च २०१८ मध्ये न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखाली महानदी पाणीवाटप लवाद नेमला गेला. लवादापुढे दोन्ही राज्यांची बाजू मांडणारे आहेत. चिलिकेतल्या बोयीला कोणत्या महिन्यात किती गोडे पाणी लागते, हे पाणीवाटपाच्या हिशेबात स्वतंत्र रकाना म्हणून यायला हवे. रायपूर, धमतरी, भिलाईतल्या गळवाल्यांनी एकत्र येऊन आपल्याच राज्याकडे ही मागणी करावी. चिलिकेवर जिताडा हवा असेल तर रुद्रीच्या दारांतून उन्हाळ्यात किती पाणी खाली सुटते, याची चौकशी आपणच केली पाहिजे. धमतरीच्या पाटबंधारे कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज देऊन मासिक विसर्गाचे आकडे मागता येतात. पुरीच्या पुढच्या खेपेआधी ते आकडे मिळवून सातपाड्याच्या सोसायटीच्या हाती द्यावेत.